निरंक

माझी आत्या न्याय मंत्रालयात चौतीस वर्षं नोकरीला होती आणि त्या चौतीस वर्षांत तिने कुणालाही न्याय दिला नाही. हे मी तिला चिडवायला म्हणायचे. ती चष्मा पुसत म्हणायची, "न्याय कोर्ट देतं गं. आम्ही कोर्टाला छप्पर देतो."

खोटं नव्हतं ते. मंत्रालयाच्या फाटकावर रोज चार-दोन माणसं कागद छातीशी धरून उभी असायची. पाटीवर एवढं मोठं 'न्याय' लिहिलंय म्हटल्यावर आत मिळत असेल, असं त्या बिचाऱ्यांना वाटायचं. पहारेकरी त्यांना रस्त्यापलीकडच्या कोर्टाकडे पिटाळायचा, आणि कोर्टातून हात हलवत परत आलेल्यांना तर तो ओळखही दाखवायचा नाही. मंत्रालयाची कामं वेगळी होती. कायद्यांचे मसुदे लिहायचे, न्यायाधीशांच्या नेमणुकांचे कागद पुढे सरकवायचे, कोर्टांच्या इमारती आणि तुरुंग सांभाळायचे. दुसऱ्या खात्यांनी सल्ला मागितला, तर पुढे कुणी आपल्यावर बोट ठेवू नये इतका जपून द्यायचा. आणि तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, दया-अर्जांची शाखा होती. फाशीची शिक्षा झालेला माणूस राष्ट्रप्रमुखांकडे आपला जीव मागतो, तो अर्ज आधी त्या शाखेत यायचा. आत्या तिथे प्रमुख लिपिक होती.

माझे आईवडील लवकर गेले. आत्याने लग्न केलं नव्हतं, मला तिनेच वाढवलं. ती नाकासमोर चालणारी बाई. सकाळी साडेनऊला टेबलावर, साडेपाचला कुलूप, आणि घरी आल्यावर कचेरीतल्या कुठल्याही कैद्याचं नाव तोंडातून काढायचं नाही. तिच्या पर्समध्ये एक दाभण असायचं, फाईलच्या कोपऱ्याला भोक पाडून दोरा ओवायला. कचेरीत सगळे तिला 'दोरेबाई' म्हणायचे. तिला ते माहीत होतं आणि आवडायचंही.

हे नाव तिला पडलं एका नियमामुळे. पूर्वी त्या शाखेत प्रत्येक अर्जाची वेगळी फाईल व्हायची. कैद्याचा अर्ज एका टेबलावर, बायकोचा दुसऱ्या, वकिलाचा तिसऱ्या, आणि कुणाचा कुणाला पत्ता नाही. एकदा एका कैद्याची शिक्षा एका फाईलवर माफ झाली होती आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या फाईलवर त्याचाच अर्ज फेटाळला गेला. तुरुंगात फेटाळल्याचं पत्र आधी पोचलं. तिथल्या अधीक्षकाने शंका आली म्हणून फोन केला, म्हणून तो माणूस वाचला. आत्याने तेव्हा डोक्यात घेतलं आणि एक टिपणी लिहून वर पाठवली: एक कैदी, एक फाईल. त्या माणसाबद्दल जो कागद येईल, कुणाकडूनही येवो, तो त्याच्याच फाईलला शिवायचा. नियम मंजूर झाला, आत्याला प्रशस्तिपत्र मिळालं, आणि कागद हरवायचे थांबले. खरंच थांबले. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकल्यावर ती बाई निष्काळजी होती असं कुणालाही वाटेल.

निवृत्तीला दोन महिने राहिले असताना मंत्रालयाला शंभर वर्षं झाली आणि गौरवग्रंथ काढायचं ठरलं. प्रत्येक शाखेने आपापला इतिहास लिहायचा. दया-अर्जांचं प्रकरण आत्याच्या गळ्यात पडलं. ती हाताने लिहायची आणि मी घरी टाइप करायचे, म्हणून तो सगळा इतिहास मला तोंडपाठ आहे. मंत्रालय म्हणजे सुरुवातीला खजिन्याच्या मागची एक खोली होती. तीन कारकून आणि एक शिक्का. तो शिक्काही खजिनदाराच्या खणात असायचा, त्यामुळे कुठलाही हुकूम काढायचा तर आधी खजिनदाराची मनधरणी करायला लागायची. राजा होता तोवर दया राजाच्या मर्जीवर असायची. जेवणानंतर अर्ज वाचून दाखवावा, असा तेव्हाचा लेखी दंडक होता. राजा गेला, राज्यघटना आली, मर्जीच्या जागी टिपणी आली. आत्याने हे फार सुंदर लिहिलं होतं. मला वाटलं, ही बाई उगाच फाईली शिवत बसली.

प्रकरणाला उदाहरणं हवी होती, म्हणून ती तळघरातल्या दफ्तरखान्यात बसून निकाली फाईली चाळायला लागली. आठवडाभर ती शिंकत घरी यायची. मग एका मंगळवारी ती दुपारी बारा वाजता घरी आली. चौतीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मला वाटलं तिला बरं नाही. ती स्वयंपाकघरात गेली, पाणी प्यायली आणि ओट्याला टेकून उभी राहिली.

"मी एक माणूस मारला," ती म्हणाली.

मी हसलेच आधी. मग तिचा चेहरा बघितला आणि खुर्ची ओढून दिली. ती बसली नाही. उभ्याउभ्याच तिने सगळं सांगितलं, एकापुढे एक, टिपणी वाचून दाखवावी तसं.

अकरा वर्षांपूर्वी एका माणसाचा दयेचा अर्ज फेटाळला गेला होता. फाईलवर 'निकाली' शेरा पडला आणि ती तळघरात गेली. फाशीची तारीख ठरायच्या सुमाराला त्याच्या घरच्यांनी दुसरा अर्ज केला. त्याला एक शपथपत्र जोडलेलं होतं. खटल्यातल्या एकमेव साक्षीदाराने लिहून दिलं होतं की त्या संध्याकाळी मी या माणसाला पाहिलंच नाही, पोलिसांनी सांगितलं म्हणून बोट दाखवलं. हा अर्ज आवक खिडकीवर आला. खिडकीवरच्या कारकुनाने कैद्याचं नाव बघितलं आणि नियमाप्रमाणे शेरा मारला: मूळ फाईलला जोडावा. कागद तळघरात गेला. तिथल्या दफ्तरीने फाईल शोधली, अर्ज नीट शिवला आणि फाईल परत फडताळात ठेवली. त्याचंही काही चुकलं नाही. निकाली फाईलला नवा कागद आला तर ती फाईल वर पाठवायची, असं नियमात कुठे लिहिलेलंच नव्हतं. आत्याने ते लिहिलं नव्हतं, कारण तिला ते सुचलं नव्हतं.

फाशीच्या आधी तुरुंगातून मंत्रालयाला एक शेवटचं पत्र येतं. या कैद्याचा काही अर्ज प्रलंबित आहे का? आत्याने प्रलंबित अर्जांची वही उघडली. त्यात त्याचं नाव नव्हतं. तिने उत्तरात एकच शब्द लिहिला, जो कचेरीत काही नसलं की लिहितात: निरंक. खाली सही केली. नऊ दिवसांनी त्याला फाशी दिलं.

"तू मुद्दाम नाही केलंस," मी म्हणाले. असल्या वेळी माणूस दुसरं काय म्हणणार?

"पुढचं ऐक," ती म्हणाली.

त्याच फाईलला अजून एक कागद शिवलेला होता. त्या माणसाच्या आईचं पत्र, फाशीनंतर महिन्याभराने थेट प्रमुख लिपिकांच्या नावाने आलेलं. तिने लिहिलं होतं: 'दुसरा अर्ज मी माझ्या धाकट्या मुलाजवळ दिला होता. तो म्हणतो मी तुमच्या खिडकीवर दिला. तुमच्याकडून काही उत्तर आलं नाही. त्याच्याजवळ पोच पण नाही. त्याने दिला की नाही, तेवढंच मला खरं कळवा.' या पत्राला आत्याने उत्तर दिलं होतं. तीच वही बघून. 'आपला दुसरा अर्ज या कार्यालयास प्राप्त झालेला नाही.' सही, शिक्का, तारीख.

"गेलेला तर गेला," आत्या म्हणाली. "पण धाकट्याचं काय झालं असेल गं?"

आणि मग ती बसली.

तिने दुसऱ्या दिवशी आपल्या प्रकरणात एक परिच्छेद वाढवला. मीच तो टाइप केला. त्यात नाव नव्हतं, नियमातली चूक आणि तिचा परिणाम, एवढंच होतं. सचिवांनी तो लाल पेनाने कापला आणि तिला बोलावून घेतलं. सचिव वाईट माणूस नव्हता, हे आत्यानेच सांगितलं. त्याने तिला चहा मागवला.

"बाई, हा गौरवग्रंथ आहे. चौकशी अहवाल नाही."

"साहेब, शाखेचा इतिहास लिहायला सांगितलात. हा इतिहासच आहे."

"चूक कुणाची ते दाखवा. कागद नियमाने जोडला गेला. तुम्ही नियमाने वही बघितलीत. कोर्टाने दिलेली शिक्षा झाली. मी बोट कुठे ठेवू?"

"माझ्यावर ठेवा."

"तुमची निवृत्ती दीड महिन्यावर आलीय," सचिव म्हणाला.

मग आत्याने निदान त्या आईला खरं कळवायची परवानगी मागितली. सचिवाने नकारार्थी मान हलवली. फाईल गोपनीय. शिवाय अकरा वर्षांनी त्या बाईच्या जखमेवरची खपली कशाला काढायची? हे ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खपली म्हणे. सरकारला दुसऱ्याच्या जखमेची इतकी काळजी एरवी कधी असते?

रविवारी आम्ही दोघी बसने त्या पत्त्यावर गेलो. शहराबाहेर विटांच्या भट्ट्या होत्या, त्यांच्यामागे बैठ्या घरांची रांग. म्हातारी दारातच बसून कपड्यांच्या घड्या घालत होती. सत्तरीची असेल. आत्याने आपण कोण ते सांगितलं. म्हातारीने आम्हाला आत बसवलं, घडी पुरी केली आणि मग ऐकलं. आत्याने काहीही झाकलं नाही. शपथपत्र, फाईल, निरंक, सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुमच्या धाकट्याने अर्ज दिला होता. तो खरं बोलत होता."

म्हातारी उठली. कपाटातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं एक पत्र काढलं आणि आत्याच्या मांडीवर ठेवलं. आत्याचंच पत्र होतं ते. घड्यांवर चिरलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं.

"ही सही कुणाची?"

"माझी."

"मग तेव्हा खोटं लिहिलंत, की आत्ता खोटं बोलताय?"

"तेव्हा," आत्या म्हणाली. "मला माहीत नव्हतं. पण खोटंच होतं."

म्हातारीने पत्र परत घेतलं. "याच्यावर शिक्का आहे. तुम्ही नुसतं तोंडाने सांगताय. आणि धाकट्याने तर मागच्या वर्षी स्वतः कबूल केलंय. इथे, या उंबऱ्यात बसून. म्हणाला, आई, बसमध्ये विसरलो, तुला सांगायची छाती झाली नाही. दहा वर्षं मी त्याच्याशी बोलत नव्हते, तरी तो रोज भाजी ठेवून जायचा दारात. त्या दिवसापासून मी भाजी पण घेत नाही." ती पिशवीची घडी घालत राहिली. "खरं असेल तर शिक्क्याचं आणा. नाहीतर परत येऊ नका."

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीशी बसली. मीच बोलत होते. धाकट्याने कबूल का केलं असेल, ते काही मला उमगेना. कधीतरी आईने बोलावं म्हणून खोटा गुन्हा पत्करला असेल, असं मला वाटलं, आणि तसं मी म्हणालेही. आत्या खिडकीबाहेर बघत होती.

सोमवारी तिने जे केलं ते तिच्या स्वभावात अजिबात बसत नव्हतं. मंत्रालयाच्या छापील कागदावर तिने पत्र लिहिलं. अर्ज अमुक तारखेला कार्यालयास प्राप्त झाला होता, आवक क्रमांक अमुक, तो कार्यवाहीसाठी सादर झाला नाही, ती चूक खाली सही करणाऱ्याची, यापूर्वीचं पत्र रद्द समजावं. जावक वहीत स्वतःच्या हाताने नोंद केली, क्रमांक टाकला, शिक्का मारला. वरच्यांची मंजुरी घेतली नाही. मग जावक वही उघडीच सचिवांच्या टेबलावर नेऊन ठेवली, कारण लपवाछपवी तिला जमतच नव्हती. तीन दिवसांत तिला आरोपपत्र मिळालं. निवृत्तीचा निरोप समारंभ रद्द झाला, पेन्शन चौकशी संपेपर्यंत अडकवली. चौकशी अजून चालू आहे. गौरवग्रंथ वेळेवर निघाला. त्यात आत्याचं प्रकरण आहे, खजिनदाराच्या खणापर्यंत सगळं शाबूत, फक्त खाली तिचं नाव नाही.

पत्र पोस्टाने पाठवायचं सोडून ती ते घेऊन स्वतः गेली. मी बरोबर होतेच. म्हातारीने ते उजेडात धरून एकेका ओळीखाली बोट फिरवत वाचलं. शिक्क्यावरून अंगठा घासून बघितला. मग पायात चपला घातल्या आणि दाराबाहेर पडली. आम्ही तिच्या मागोमाग गेलो. दोन गल्ल्या सोडून एक सुतारकामाची शेड होती. आत चाळिशीचा एक माणूस दाराची चौकट तासत होता. आईला समोर बघून त्याच्या हातातला रंधा थांबला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं. अकरा वर्षांत ती त्याच्या दारात आली नव्हती, तेव्हा आता कुणीतरी गेल्याशिवाय ती कशाला येईल?

म्हातारीने पत्र पुढे केलं. त्याने हात पँटला पुसले आणि वाचलं. परत वाचलं. आत्याने आपण कोण ते सांगितलं. मला वाटलं आता तो अंगावर येईल, शिव्या देईल. मी तर दिल्या असत्या. तो फार अदबीने म्हणाला, "नाही बाई, काहीतरी घोटाळा आहे. मी दिला नव्हता."

"दिला होतात. आवक वहीत नोंद आहे."

"पहिली काही वर्षं मी पण तेच म्हणायचो. खिडकी आठवायची, आतला माणूस आठवायचा. पोच मागितली तर म्हणाला, दुसरी प्रत आणली असती तर शिक्का मारून दिला असता. पण सरकार लिहितंय आला नाही म्हणून. मग मी रोज रात्री पडल्या पडल्या आठवत बसायचो. हळूहळू लक्षात आलं." त्याने पत्र घडी करून आत्याला परत देऊ केलं. "मी बसमध्येच विसरलो. आईला आता वाटेल मी उगाच कबूल केलं होतं, तसं नाही. मला दिसतंय ना. शेजारच्या सीटवर खाकी पाकीट, लांबट. मी उतरलो आणि ते तिथेच राहिलं. मी मारलं त्याला."

आत्याने पत्र घेतलं नाही. मला तेव्हा कळलं की बसमधला माझा अंदाज साफ चुकला होता. तो खोटं बोलला नव्हता. आत्याच्या एका ओळीने त्याची आठवणच बदलून टाकली होती.

"पाकीट खाकी नव्हतं," आत्या म्हणाली. "ते फाईलला शिवलेलं आहे. मी पाहिलंय. कॅलेंडरचं पान उलटं करून घरी डकवलेलं होतं. आतल्या बाजूला तारखा आहेत."

त्याने रंधा खाली ठेवला. मग आईकडे वळला.

"कॅलेंडरचं होतं का गं?"

"हो," आई म्हणाली. "मीच डकवलं होतं."